ठिपका नव्हे, वर्तुळ बघा: फोनला जागा कशी कळते

सोयाबीनच्या बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचं, म्हणजे आपल्या पिकाची सरकारदरबारी नोंद करण्याचं, ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, फोटो काढायला जायचं आणि ॲपनं सांगायचं की तुम्ही या गटात नाहीच. १५ ऑगस्ट २०२१ला ही पाहणी राज्यभर मोबाइलवर आली, पुढे ॲप उभं राहण्याची जागाही तपासू लागलं, आणि ही तक्रार गावोगावी ऐकू यायला लागली. पाय आपल्याच मातीत, आणि फोन म्हणतो शेजाऱ्याच्या. चूक कधी फोनची असते, कधी नकाशाची. पण बहुतेकदा फोननं घाईत बांधलेला अंदाज आपण पक्कं मोजमाप समजतो आणि तिथेच घोळ होतो.

नकाशाचं कुठलंही ॲप उघडा. निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ. सगळे ठिपक्याकडे बघतात, खरी माहिती वर्तुळात असते. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ ठरलेला आहे: तुम्ही त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. वर्तुळाची त्रिज्या २० मीटर असेल, तर साधारण तिनातल्या एका वेळी तुम्ही त्या २० मीटरच्याही बाहेर उभे असता. ठिपका टोकदार दिसतो तो केवळ चित्र तसं काढलंय म्हणून.

हे वर्तुळ केवढं होणार, ते फोननं कुठला मार्ग वापरला यावर ठरतं. उघड्या आभाळाखाली उपग्रहांवरून साधारण ३ ते ५ मीटर. आजूबाजूच्या वायफायवरून काही दहा मीटर. मोबाइल टॉवरवरून शहरात काहीशे मीटर, माळरानावर कित्येक किलोमीटर. आणि नुसत्या इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून फार तर शहर, तेही पुष्कळदा चुकीचं. फोन हे सगळं एकत्र कालवतो आणि जे हाताशी असेल त्यावरून आधी काहीतरी दाखवून मोकळा होतो, म्हणून ॲप उघडल्या उघडल्या वर्तुळ मोठं असतं आणि मग आकसत जातं. ते आकसण्याआधी बटण दाबलं की झालीच गडबड.

उपग्रहाला तुमचा पत्ता ठाऊक नसतो

आधी एक गैरसमज काढून टाकू. जीपीएसचा उपग्रह तुम्हाला शोधत नाही. तुमचा फोन त्याला काही पाठवतही नाही. तो फक्त ऐकतो. विमान मोड लावला, सिम काढून ठेवलं, तरी ट्रेकवर नकाशात ठिपका चालत राहतो तो यामुळेच. तुमची जागा दुसऱ्या कुणाला कळते, ती फोननं आधी स्वतः काढून मग इंटरनेटवरून किंवा एसएमएसनं पाठवली तर. गाडीत बसवलेल्या ट्रॅकरचंही तसंच असतं: आत एक सिम असतं, त्याचं रिचार्ज संपलं की उपग्रह डोक्यावर असूनही मालकाच्या स्क्रीनवर गाडी कालच्याच जागी उभी दिसते. ‘जीपीएस बंद पडलं’ म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी रिचार्जची तारीख बघावी.

मग ऐकून जागा कशी कळते? वीज चमकली की आपण आकडे मोजायला लागतो. गडगडाट ऐकू येईपर्यंत ९ झाले, तर तिनानं भागायचं: वीज ३ किलोमीटरवर. फोन नेमकं हेच करतो, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहर आणि लखलखाटाऐवजी चिठ्ठी. प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो की मी अमुक आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. ही चिठ्ठी सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघते आणि फोनपर्यंत यायला सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास वेळ लागतो. किती उशीर झाला ते कळलं, प्रकाशाच्या वेगानं गुणलं, की अंतर मिळालं.

अडचण वेग अफाट असण्याची आहे. मोजण्यात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरनं चुकतं. उपग्रहात अणुघड्याळ असतं, तुमच्या फोनमध्ये मात्र स्वस्तातलं स्फटिक. म्हणून हिशेबात फोन स्वतःच्या घड्याळाची चूकही अज्ञात धरतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक: चार अज्ञातं, चार समीकरणं, म्हणजे किमान चार उपग्रह. शाळेतलंच बीजगणित, पण सेकंदाला निदान एकदा सोडवलेलं.

अणुघड्याळालाही तसंच सोडून चालत नाही. तिथे वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं ते दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उरलेल्या ३८ची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतरात ११ किलोमीटरची चूक साचेल. आइन्स्टाइनचा सिद्धांत रोजच्या व्यवहारात कुठे लागतो असं कुणी विचारलं, तर खिशातला फोन दाखवायला हरकत नाही.

मिनिटभर थांबण्याचं कारण

अंतर कळून उपयोग नाही, उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे होता हेही लागतं. ती माहिती उपग्रहच पाठवतो, पण सेकंदाला फक्त ५० बिट्स या गतीनं. त्याच्या स्वतःच्या कक्षेचा तपशील पुरा यायला १८ सेकंद लागतात आणि तो दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. अधेमधे तुम्ही झाडाखाली गेलात, फोन खिशात टाकलात, एखादा तुकडा हुकला, की पुढच्या फेरीची वाट बघणं आलं. म्हणूनच ‘जीपीएस लागत नाही’ म्हणून फोन हलवत इकडेतिकडे फिरणारा माणूस आपलंच काम लांबवत असतो.

नेट असलं तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो आणि काही सेकंदांत जागा काढतो. शेतात रेंज नसते, डोंगरात नसते, आणि फोन त्या ५० बिट्सच्या धारेवर येतो. यावर साधा उपाय आहे. गावात किंवा पायथ्याशी नेट असतानाच मोकळ्यावर नकाशा उघडून ठिपका स्थिरावू द्यायचा. एकदा मिळालेली कक्षेची माहिती पुढचे दोन-चार तास कामाला येते.

आता त्या सोयाबीनच्या शेतात परत येऊ. पहिली तपासणी परवानगीची. अँड्रॉइड १२पासून ॲपला ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असं दोन प्रकारचं लोकेशन देता येतं. चुकून ‘अंदाजे’वर बोट पडलं असेल, तर ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा पट्टा कळतो. त्यात तुमचा दीड एकर कुठे सापडणार? सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन ‘अचूक स्थान’ चालू करा. बॅटरी सेव्हर बंद करा, कारण काही फोनमध्ये तो जागा मोजण्यावरच काटकसर करतो.

मग उभं कुठे राहायचं. बांधावर नाही. चूक ५ मीटरची असेल आणि तुम्ही हद्दीवरच उभे असाल, तर ठिपका बाहेर पडण्याची शक्यता जवळपास निम्मी. शेताच्या मध्याकडे चाला. आंब्याच्या गर्द झाडाखालून, विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीपासून, ट्रॅक्टरला खेटून उभं राहण्यापासून दूर व्हा. उपग्रहाचा प्रक्षेपक घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या तोडीचा. इतक्या लांबून येईपर्यंत त्याची लहर अवतीभवतीच्या रेडिओ-गोंगाटापेक्षाही क्षीण झालेली असते. पत्रा ती पूर्ण अडवतो. पावसात भिजलेली दाट झाडी बरीचशी पिऊन टाकते. फोन छातीसमोर धरून, स्क्रीन आभाळाकडे ठेवून मिनिटभर थांबा. दुसऱ्या एखाद्या नकाशाच्या ॲपमध्ये वर्तुळ आकसलेलं दिसलं की मगच फोटो काढा. आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवण्यानं यात काहीही होत नाही. त्यानं होकायंत्र सुधारतं, म्हणजे बाणाची दिशा. जागा तिथेच राहते.

एवढं करूनही ‘गटाबाहेर’ आलं, तर संशय नकाशावर घ्या. गावचे नकाशे मुळात साखळीनं मोजून कागदावर काढलेले. ते स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवताना काही मीटर सरकले, तर त्या गावातले सगळेच गट एकाच बाजूला सरकलेले दिसतात. ओळखण्याची खूण हीच: तुम्ही आणि शेजारी, दोघांचीही चूक एकाच दिशेला असेल, तर फोन बदलून उपयोग नाही, तलाठ्याकडे सांगावं लागेल.

आणि फोनच्या ठिपक्याच्या भरवशावर कुणी बांध कोरायला जाऊ नये. भूमी अभिलेखचे मोजणीदार जो रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरूनच जागा मोजणारं यंत्र, घेऊन येतात, त्याला जागा पक्की माहीत असलेल्या कायम केंद्रांकडून सतत दुरुस्ती मिळत असते. आकाशामुळे येणारी चूक त्या केंद्रालाही जवळपास तेवढीच येते, ती वजा केली की काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. फोनचे ५ मीटर आणि रोव्हरचे ५ सेंटिमीटर यांत शंभर पटींचा फरक आहे.

गल्ली, घाट, दुपार

शहरात दुखणं वेगळं. पुण्यातल्या पेठांत किंवा गिरगावात अरुंद गल्लीत उभं राहिलं की आभाळाची एक पट्टीच दिसते. दिसणारे उपग्रह गल्लीच्या लांबीच्या दिशेनं एका ओळीत येतात. त्यामुळे गल्लीत पुढे-मागे तुम्ही कुठे आहात ते बरं कळतं, पण आडव्या दिशेला चूक वाढते. त्यात समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा आलेली लहर मिसळते. उशीर म्हणजे जास्त अंतर, असा फोनचा सरळ हिशेब, म्हणून ठिपका टुणकन शेजारच्या समांतर गल्लीत जातो आणि डिलिव्हरीवाला मागच्या सोसायटीच्या फाटकावर उभा राहून फोन करतो. उड्डाणपुलाचंही तसंच. उपग्रह फक्त वरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नाही, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते. गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे ॲप अंदाजानंच ठरवतं.

आपल्या देशाला आणखी एक त्रास आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं, त्यामुळे आपल्यावरच्या वातावरणातला विद्युतभारित थर दुपारी भलताच दाट होतो आणि लहरीला उशीर करतो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तो खळबळतो आणि संदेश लुकलुकायला लागतो. हा उशीर लहरीच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. म्हणून १५७५.४२ (एल-१) आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ (एल-५) अशा दोन्ही लहरी ऐकणारा फोन फरकावरून उशीर किती तो काढून वजा करू शकतो. नवा फोन घेताना कागदावर एल-१ आणि एल-५ दोन्ही लिहिलंय का ते बघायचं ते यासाठी.

भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या उपग्रह-यंत्रणेनं पहिल्यापासून ही ११७६.४५ची लहर वापरली. १ जुलै २०१३ला त्याचा पहिला उपग्रह गेला, पण त्याच्यातली परदेशी अणुघड्याळं पुढे बंद पडली. २९ मे २०२३च्या एनव्हीएस-०१मध्ये भारतात बनवलेलं घड्याळ बसवलं आणि फोनना सोयीची एल-१ लहरही दिली. जानेवारी २०२५मधला त्याचा भाऊ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. तुमचा फोन नाविक दाखवत असला, तरी तो जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बैदू यांच्या पंगतीत त्याला बसवतो. एकट्यावर विसंबत नाही.

उंचीची एक गंमत किनाऱ्यावर दिसते. कच्ची आकडेवारी दाखवणारं ॲप मुंबईच्या वाळूवर उघडलं, तर ते उंची उणे साठ मीटरच्या आसपास सांगेल. फोन बिघडलेला नसतो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून, आणि भारताभोवती खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. चांगलं ॲप हा फरक स्वतःच मिटवतं. कळसूबाईवर १६४६ मीटरऐवजी साठेक मीटर कमी दिसले, तर दुसरं ॲप घ्या.

डोंगरात मदत मागायची वेळ आली, तर आकडे पाठवताना तीन चुका हमखास होतात. ‘१८ अंश ३१ मिनिटं’ म्हणजे १८.३१ नव्हे. ३१ला ६०नं भागा: १८.५१६७. हा घोळ झाला तर बचावपथक तब्बल २३ किलोमीटर दक्षिणेला जाईल. दुसरी चूक क्रमाची: आधी अक्षांश, मग रेखांश. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२च्या घरात, दुसरा ७२ ते ८१च्या. उलटे पाठवले तर नकाशा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात घेऊन जातो. तिसरी चूक दशांशाची: चार स्थळं दिली तर ११ मीटरपर्यंत कळतं, पाच दिली तर १ मीटरपर्यंत, दोनच दिली तर एक किलोमीटर शोधत बसा. सोबत वर्तुळ किती मीटरचं होतं आणि किती वाजता पाहिलं तेही लिहा.

टॉवर, वायफाय आणि चालते फिरते साक्षीदार

‘टॉवर लोकेशन निघालं’ हे बातम्यांतलं वाक्य ऐकून वाटतं की पोलिसांना दार कळलं. टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात, प्रत्येकीकडे १२० अंशांचा पट्टा. कॉलच्या नोंदीत साधारण एवढंच असतं की हा फोन अमुक टॉवरच्या अमुक तोंडाला जोडलेला होता. म्हणजे कलिंगडाची फोड, बी नव्हे. जुन्या टूजीमध्ये टॉवरला फोनचं अंतरही कळायचं, पण ५५० मीटरच्या पायरीनं. शिवाय फोन जवळच्याच टॉवरला जोडला जाईल असं नाही. जवळचा भरलेला असतो, किंवा खाडीपलीकडचा पाण्यावरून जास्त स्वच्छ ऐकू येतो. घाटमाथ्यावर उभ्या माणसाचा फोन खालच्या कोकणातल्या टॉवरशी बोलू शकतो.

घरात उपग्रह पोचत नाहीत, तिथे फोन वायफायवर भागवतो. जोडलेलं असण्याची गरज नाही. आसपासचे राउटर आपापला क्रमांक सारखा पुकारत असतात, तेवढा पुरतो. रस्त्यानं जाणाऱ्या लाखो फोननी कुठला क्रमांक कुठे ऐकला याची यादी गुगल आणि ॲपलकडे जमलेली असते. तिच्यावरून तुमची जागा निघते. मात्र राउटर घेऊन तुम्ही नाशिकहून ठाण्याला घर बदललंत, तर काही दिवस तुमचा फोन घरात शिरला की नाशिकला जाऊ शकतो. नव्या जागेची नोंद पुरेशा फोनकडून झाली की तो आपोआप सुधारतो. आपला राउटर गुगलच्या यादीत नको असेल, तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि ‘नोमॅप’ हा शब्द रोमन लिपीत जोडायचा.

लातूरला बसून कॉम्प्युटर मुंबईचं हवामान दाखवतो तो आयपी पत्त्याचा प्रताप. कंपनीचं इंटरनेट जिथून बाहेर पडतं ते गाव त्याला दिसतं, तुमचं नाही.

चावीला लावायच्या छोट्या टॅगमध्ये तर उपग्रहाचं यंत्रच नसतं. एअरटॅगसारखा टॅग एका बटण-सेलवर साधारण वर्षभर चालतो तो त्यामुळेच. तो ब्लूटूथवर एक बदलता क्रमांक कुजबुजत राहतो. जवळून जाणारा अनोळखी माणसाचा फोन तो ऐकतो आणि स्वतःची जागा कुलूपबंद करून मालकासाठी पाठवतो. दादरच्या पुलावर तो मिनिटामिनिटाला दिसेल. आडवाटेच्या वस्तीवर दिवसभर गप्प राहील. कुणी गुपचूप तुमच्या पिशवीत टॅग टाकला, तर आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही आता इशारा देतात. तो इशारा आला की टॅगला आवाज करायला लावा, सापडल्यावर त्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मग सेल काढा.

फोनच हरवला तर

पहिलं काम नकाशा बघण्याचं नाही, कंपनीला फोन करून सिम बंद करण्याचं. ओटीपी त्यावरच येतात. मग दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल किंवा ॲपल खात्यात जाऊन शोध लावा. फोनला वायफाय किंवा दुसरं नेट मिळत असेल, तर आत्ताची जागा मिळेल, नाहीतर शेवटची. काही नवे फोन बंद केल्यावरही काही वेळ ब्लूटूथची कुजबुज चालू ठेवतात. आधी लॉक करा, पडद्यावर दुसरा नंबर झळकवा. सगळं पुसून टाकणं अगदी शेवटी, कारण अँड्रॉइडवर पुसलं की शोधही संपतो.

आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, १५ आकडी. दोन सिमच्या फोनला दोन असतात. खोक्यावर, बिलावर किंवा *#०६# दाबून मिळतो, म्हणजे फोन हातात असतानाच लिहून ठेवायचा. पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या, कारण पुढचा ओटीपी त्यावर येतो. मग ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलच्या सीईआयआर (हरवलेल्या फोनच्या) विभागात तक्रारीची प्रत जोडून फोन ब्लॉक करण्याची मागणी नोंदवा. इथे तुम्हाला नकाशा दिसणार नाही. कुणी त्यात दुसरं सिम घातलं की नेटवर्कला तो क्रमांक ओळखू येतो आणि माहिती पोलिसांकडे जाते. फोन परत मिळाला तर तिथेच जाऊन अनब्लॉक करायचं. हे विसरून सिम चालत नाही म्हणून दुकानात चकरा मारणारे कमी नाहीत.

नकाशात ठिपका एखाद्या इमारतीवर आला, तर दार वाजवण्याआधी दोन गोष्टी बघा: शेजारी लिहिलेली वेळ आणि वर्तुळ. वेळ चार तासांपूर्वीची असेल, तर फोन तिथून कधीच निघाला असेल. वर्तुळ ४० मीटरचं असेल, तर त्यात ती इमारत, मागची चाळ, खालची पानटपरी आणि रस्त्यावरचा बसथांबा एवढं सगळं मावतं, आणि सात मजल्यांपैकी कुठला हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.